आधी चंदीचा हिशेब, मग डबा

घोडा जरा उतरलेला दिसला, अंगावरची तकाकी गेली, चढावर लवकर दम लागू लागला, की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो टॉनिकचा. कॅल्शियमची बाटली, लिव्हर टॉनिक, रक्तवाढीचे सिरप, खुरांसाठी एक पावडर, सांध्यांसाठी दुसरी. शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात हा खर्च खपून जातो. पण माथेरानला पर्यटक आणि सामान वाहणारे घोडे, महाबळेश्वरचे भाड्याचे तट्टू, लग्नाच्या वरातीतली घोडी यांच्या मालकांना तो खर्च रोजच्या कमाईतून करावा लागतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून जेमतेम ३.४ लाख उरले होते. २०१२ च्या तुलनेत ही घट पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक होती. जे उरले आहेत त्यांच्या पोटाचा प्रश्न म्हणूनच गांभीर्याने घ्यायला हवा. पूरक आहाराची निवड लेबल वाचून होत नाही. घोड्यापुढे रोज काय आणि किती पडते हे मोजल्याशिवाय कोणता डबा लागेल, किंवा एखादा तरी लागेल का, हे कुणालाच सांगता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात वैरणीपासून करावी लागते, कारण घोड्याचे पोट चाऱ्यासाठीच घडलेले आहे. पाचशे किलोच्या घोड्याचे जठर आठ ते पंधरा लिटरचे, म्हणजे अंगाच्या मानाने लहान. त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असते. ते सौम्य करणारी लाळ मात्र घोडा चावत असतानाच सुटते. म्हणून तासन् तास रिकाम्या तोंडाने उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या जठरात व्रण होतात. चोथ्याचे खरे पचन पुढे, अंधनाल आणि मोठ्या आतड्यात, सूक्ष्मजीवांच्या मदतीने होते. वैरण कमी आणि दाणा जास्त झाला की तिथले सगळे तंत्र बिघडते. पोटशूळ उठतो, खुरांच्या आतल्या भागाला सूज येते. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का, शक्यतो दोन टक्के कोरडा चारा हवा, हा पशुआहारशास्त्रातला सर्वमान्य दंडक आहे. वजनासाठी काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ११,८७७ ने भागायचे. घेर १५० आणि लांबी १३५ असलेले तट्टू साधारण २५५ किलोचे भरते. त्याला ओलाव्याचा हिशेब धरून रोज किमान सव्वाचार किलो आणि जमल्यास साडेपाच किलो सुकी वैरण मिळायला हवी. पेंढी अंदाजाने टाकण्याऐवजी एकदा काट्यावर ठेवून पाहिली, तर बऱ्याच ‘अशक्त’ घोड्यांचे निदान तिथेच होईल.

दुसरी गोष्ट गव्हाच्या कोंड्याची, आणि तिच्यावर जरा थांबायला हवे, कारण कॅल्शियमच्या बाटल्या खपतात त्या मुख्यतः तिच्यामुळे. कोंडा स्वस्त आणि हलका; घोडाही तो आवडीने खातो. पण एक किलो कोंड्यात साधारण अकरा-बारा ग्रॅम फॉस्फरस आणि जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम कॅल्शियम असते. घोड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कधीही कमी पडता कामा नये. ते दीड-दोन पट असले तर उत्तम. वर सांगितलेल्या २५५ किलोच्या तट्टूला विश्रांतीच्या काळात रोज सुमारे दहा ग्रॅम कॅल्शियम आणि सात ग्रॅम फॉस्फरस पुरतो. त्याला दोन किलो कोंडा घातला, तर बावीस-चोवीस ग्रॅम फॉस्फरस एकट्या कोंड्यातून जातो आणि कॅल्शियम मिळते तीन ग्रॅमच्या आत. हे असेच महिनोन् महिने चालले, की शरीर रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडांतून कॅल्शियम ओढू लागते. जबड्याची आणि नाकाच्या बाजूची हाडे ठिसूळ होऊन फुगतात, घोडा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतो. गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा आजार पूर्वीपासून ठाऊक होता, कारण त्यांच्या वाट्याला कोंडाच जास्त येई. यातली फसवी बाब अशी की रक्ततपासणीत कॅल्शियम बहुतेक वेळा ठीकच दिसते. ते हाडांतून आलेले असते, हे अहवालात लिहिलेले नसते.

याला उतारा महागड्या सिरपचा नाही. कोंडा अर्ध्यावर आणला आणि एक-दोन किलो वाळलेला लसूणघास दिला तरी तोल सावरतो, कारण किलोभर सुक्या लसूणघासात बारा-चौदा ग्रॅम कॅल्शियम असते. लसूणघास मिळत नसेल, तर खाद्यात वापरायची चुनखडीची शुद्ध पूड पशुवैद्यांनी सांगितलेल्या मापाने द्यावी. नेपियरसारख्या, म्हणजे हत्तीगवताच्या जातीच्या चाऱ्यावर घोडा ठेवला असेल, तर आणखी सावध राहिले पाहिजे. या गवतात ऑक्झलेट भरपूर असते आणि ते कॅल्शियमला आतड्यातच जखडून ठेवते. गायीच्या पोटातले सूक्ष्मजीव ऑक्झलेट बऱ्यापैकी फोडतात, म्हणून दूधवाल्याचा अनुभव घोडेवाल्याच्या कामी येत नाही. हाच फरक पशुखाद्याच्या पोत्यालाही लागू होतो. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. घोड्याच्या दर किलो वजनामागे त्याचे दोन-तीन मिलिग्रॅम हृदयाच्या स्नायूचा नाश करून जीव घ्यायला पुरेसे असतात. ‘गुरांना मानवते, घोड्याला का मानवणार नाही’ या एका वाक्याने घोडे मेलेले आहेत.

मिठाबाबत आपण नेमकी उलटी चूक करतो. चारा आणि दाणा यांत सोडियम नगण्य असते. पाचशे किलोच्या घोड्याला उभ्या-उभ्यासुद्धा रोज सुमारे दहा ग्रॅम सोडियम, म्हणजे पंचवीस ग्रॅम मीठ लागते. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा कितीतरी खारट. लिटरमागे दहा ग्रॅमच्या आसपास क्षार त्यातून निघून जातात. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर चढ-उतार करणाऱ्या घोड्याचे किती क्षार जात असतील याचा अंदाज यावरून करावा. इथे पूरक आहार खरोखर लागतो, आणि तो किराणा दुकानात मिळतो. दाण्यात मोजून मीठ, तबेल्यात चाटण वीट आणि शेजारी भरपूर स्वच्छ पाणी. पाण्याशिवाय मीठ किंवा इलेक्ट्रोलाइटची पेस्ट देणे घातक आहे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

‘रक्त कमी आहे’ म्हणून दिले जाणारे लोहाचे सिरप हा सर्वांत वाया जाणारा खर्च. चाऱ्यातून आणि त्याला चिकटलेल्या मातीतून घोड्याला गरजेपेक्षा जास्तच लोह मिळते. निव्वळ आहारातल्या कमतरतेमुळे मोठ्या घोड्यात लोह कमी पडणे फार दुर्मीळ. शिवाय घोडा आपल्या लाल पेशींचा मोठा साठा प्लीहेत ठेवतो आणि पळताना किंवा बिथरल्यावर तो रक्तात सोडतो. शांत उभ्या घोड्याच्या रक्तातला आकडा म्हणूनच कमी दिसू शकतो. तो आकडा खरोखर घसरला असेल, तर आपल्या हवामानात संशय आधी जंतांवर, गोचिडांनी पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवींवर आणि चावऱ्या माश्यांमुळे होणाऱ्या सर्रा रोगावर घ्यायला हवा. अशा घोड्याला महिनाभर सिरप पाजणे म्हणजे उपचाराचा महिना हातचा घालवणे. आणि जास्तीचे लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही, ते यकृतात साठत राहते.

‘दिले तर बिघडले काय’ ही समजूत सर्वांत घट्ट आहे. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील वेलिंग्टन इथे पोलोच्या मोठ्या स्पर्धेसाठी आणलेल्या एकाच संघाचे २१ घोडे काही तासांत दगावले. त्यांना जीवनसत्त्वे आणि खनिजांचे एक मिश्रण टोचले होते. ते तयार करताना सेलेनियमचे प्रमाण चुकले होते. सेलेनियम घोड्याला हवेच असते, पण पाचशे किलोच्या घोड्याला रोजची गरज एक मिलिग्रॅमच्या आसपास. गरज आणि विष यांच्यातले अंतर इतके कमी असलेला पदार्थ तीन वेगवेगळ्या डब्यांत थोडा थोडा असतो, आणि मालक तिन्ही डबे एकाच वेळी सुरू ठेवतो. फ्लोरिडात ते टोचले गेले होते आणि मिश्रण करतानाच चूक झाली होती, हा फरक मान्य करू. तरीही तोंडाने दिलेले जादा सेलेनियमसुद्धा आयाळ-शेपटी गळवते आणि खुरांना आडव्या भेगा पाडते. खुरांसाठी घेतलेला डबाच मग खुरांचे वाटोळे करतो.

मग सगळेच पूरक पदार्थ निरुपयोगी का? तसे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. बायोटिनचे उदाहरण घ्या. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेतल्या लिपित्सानर घोड्यांवरचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. रोज वीस मिलिग्रॅम बायोटिन दिलेल्या घोड्यांच्या खुरांचा दर्जा सुधारला, पण त्याला सुमारे नऊ महिने लागले. ते स्वाभाविकच होते, कारण खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढते आणि पूर्ण नवे यायला वर्ष जाते. पंधरा दिवसांत खूर सुधारण्याचा दावा करणाऱ्या डब्याचे मोल त्यावरूनच ठरवावे. ई जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. हिरव्या गवतात ते मुबलक असते, वाळलेल्या वैरणीत साठवणुकीत घटत जाते. पाऊस सरल्यावर आठ महिने सुक्या चाऱ्यावर राबणाऱ्या घोड्याला ते वरून देण्यात अर्थ आहे. सांध्यांच्या पावडरींबद्दल मात्र तेवढ्या विश्वासाने बोलता येत नाही. ग्लुकोसामाइनवरच्या घोड्यांमधल्या अभ्यासांचा आढावा २००९ साली घेतला गेला, तेव्हा पुराव्याचा दर्जाच निकृष्ट निघाला. त्याआधी २००६ मध्ये बाजारातली २३ उत्पादने तपासली, तेव्हा नऊ उत्पादनांत लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी ग्लुकोसामाइन सापडले होते.

इथे अनुभवी घोडेवाले म्हणतील की अभ्यास राहू द्या, आमच्या डोळ्यांना फरक दिसतो. तो दिसतही असेल. पण घोड्याला टॉनिक सुरू होते तेव्हा सहसा जंताचे औषधही दिलेले असते, कामातून चार दिवस सुट्टी मिळालेली असते, दाणा थोडा वाढवलेला असतो आणि मोतद्दाराचे लक्षही जास्त असते. यातल्या कशाने गुण आला हे ओळखायचे, तर एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे, आणि आधी-नंतरचा घेर लिहून ठेवला पाहिजे. घोड्याच्या दाढांना धारदार टोके आली असतील, तर चारा नीट चावलाच जात नाही. तशा वेळी वर्षातून एकदा दात घासून घेतल्याने जो फरक पडतो, तो कोणत्याही पावडरीने पडत नाही.

दुसरा आक्षेप वनस्पतिजन्य औषधांबाबतचा. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा निष्कर्ष त्या परंपरेच्या माथी मारू नये. वाळवलेला लसूण मोठ्या मात्रेत सतत दिल्यास घोड्याच्या लाल पेशी फुटून पंडुरोग होतो, असे कॅनडातल्या २००५ च्या अभ्यासात दिसले. दोन पाकळ्यांनी काही होणार नाही. प्रश्न मात्रेचा आहे, आणि ‘संपूर्ण हर्बल’ लिहिलेल्या कित्येक पुड्यांवर नेमकी मात्राच छापलेली नसते.

राहिला पैशांचा प्रश्न. चारा तपासायला प्रयोगशाळा लागते, सल्ल्याला पशुवैद्य लागतो, गरीब मालकाने हे कुठून आणायचे, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पण टेप, काटा, मीठ आणि लसूणघास यांना प्रयोगशाळा लागत नाही, आणि दोन डबे बंद केले तर पशुवैद्याची फी निघते. उरलेला भार मात्र शासनाने उचलायला हवा. १९६२ या क्रमांकावर येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके आहेत, मुंबईच्या परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, हिस्सारला अश्वसंशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी हंगामाआधी एक दिवस घोड्यांची वजने, दात, शेण आणि चंदी तपासणारे शिबिर भरवायला यापेक्षा वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत राज्याबाहेरचेही घोडे आणि मालक एकत्र येतात. तिथे असा एक मंडप हवाच. आणि पूरक खाद्य विकणाऱ्याला एक सक्ती हवी. एका मात्रेत प्रत्येक खनिज किती मिलिग्रॅम, सेलेनियम आणि लोह किती, हे डब्यावर मराठीत, वाचता येईल अशा ठळक अक्षरांत छापावे. उत्पादक म्हणतील की यामुळे किंमत वाढेल. चार ओळींच्या छपाईने किती वाढेल तेही त्यांनी सांगावे.