फुटलेल्या टाइलच्या जागी सिमेंट

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचा मूड आहे. आणि भांडण आहे एका वाक्याशी: "काही होत नाही रे, कानाला सवय होते."

हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो. पबमध्ये, मिरवणुकीत, हापिसात हेडफोनचा आवाज फुल्ल करून कोड लिहिणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडून. बोलणारा मनापासून बोलत असतो. आधी आवाज टोचतो, अर्ध्या तासाने टोचत नाही, म्हणजे झाली सवय! इतकं सोपं गणित. माझं म्हणणं असं की हे गणित चुकलंय. ते का चुकलंय हे कळायला कानाच्या आतलं एक अस्तर नीट बघावं लागतं. दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलेल्यांनी पळून जाऊ नये, मीही त्यातलाच आहे :-)

शाळेच्या पुस्तकात 'अभिस्तर ऊती' नावाचा प्रकार होता, आठवतोय? एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा थर. त्वचेचा बाहेरचा थर, गालाचं आतलं आवरण, आतड्याचं अस्तर, हे सगळे त्यातले. अशाच अस्तरात काही ठिकाणी संवेदना टिपणाऱ्या पेशी बसवलेल्या असतात, त्याला संवेदी अभिस्तर म्हणायचं. नाकात वासाचं, जिभेवर चवीचं आणि कानात आवाजाचं.

कानातलं हे अस्तर गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या एका नळीत असतं. तिला कॉक्लिया म्हणतात. उलगडली तर लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्यात ओळीने बसलेल्या रोमपेशी, म्हणजे डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका असलेल्या पेशी. आतल्या ओळीत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या ओळींत सुमारे १२,०००. एका कानाला एवढाच स्टाफ! तुलनेसाठी सांगतो, एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर असतात. आणि कानातला हा सगळा स्टाफ जन्माआधीच भरती होतो. नंतर भरती बंद.

आता खरी गंमत या पेशींच्या मधल्या सांध्यांत आहे. हे समजायला आपल्या सोसायटीतल्या बाथरूमसारखं उदाहरण नाही. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये टाइल्स शाबूत आहेत, पण सांध्यांतलं व्हाइट सिमेंट गेलंय. काय होतं? वरच्याला पत्ताही नसतो आणि खालच्याच्या सिलिंगला ओल येते. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये महाभारत.

कानातही नेमकी अशीच दोन मजली रचना आहे. रोमपेशींच्या डोक्याकडच्या बाजूला एक द्रव असतो, त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं. बुडाकडच्या बाजूला दुसरा द्रव, त्यात पोटॅशियम अगदी कमी, साधारण तिसाव्या हिश्शाइतकं. शिवाय वरच्या द्रवावर सुमारे ८० मिलिव्होल्टचा धन दाब असतो आणि रोमपेशीच्या आत ऋण दाब. म्हणजे कायम चार्ज केलेली बॅटरीच. आवाजाने केसांचा झुबका झुकला की वरची बारीक दारं उघडतात, पोटॅशियम आत घुसतं आणि सिग्नल तयार होतो. यातली मख्खी अशी की ही बॅटरी टिकायची तर वरचा द्रव खाली झिरपता कामा नये. आणि तो अडवतात ते पेशींमधले सांधे.

या सांध्यांना टाइट जंक्शन हे नाव १९६३ साली मिळालं. मेरिलिन फारकार आणि जॉर्ज पलाडे या दोघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते नीट दाखवून दिले. पण हे 'व्हाइट सिमेंट' कशाचं बनलंय हे कळायला आणखी पस्तीस वर्षं गेली. १९९८ मध्ये जपानच्या शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने क्लॉडिन नावाची प्रथिनं शोधली. नाव लॅटिनमधल्या 'बंद करणे' या क्रियापदावरून ठेवलंय. क्लॉडिनचे बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येक अवयवाची त्यातली निवड वेगळी. आपल्यासाठी महत्त्वाचं आहे क्लॉडिन-१४. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या दोन कुटुंबांत जन्मजात बहिरेपणाचं कारण या एका प्रथिनाच्या जनुकात सापडलं. पुढे उंदरांमध्ये हेच जनुक बंद करून पाहिलं, तर रोमपेशी तयार होतात व्यवस्थित, पण काही आठवड्यांत मरून जातात. कुणी कानाशी फटाका वाजवलेला नाही, पेशींवर कसला आजार नाही. टाइल चांगली, सांधा गळका. बहुधा पोटॅशियम नको तिथे झिरपलं आणि खेळ खलास.

दुसरा प्रकार गॅप जंक्शन. हा सांधा बंद करणारा नाही, दोन पेशींमध्ये बोगदा काढणारा. वापरलेलं पोटॅशियम आधारपेशींमधून परत वर पाठवण्यात या बोगद्यांचा हात आहे असं मानलं जातं. त्यांच्यातलं कनेक्सिन-२६ हे प्रथिन बिघडलं की काय होतं? अनेक देशांत आनुवंशिक बहिरेपणाचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. थोडक्यात काय, ऐकण्याचं अर्धं काम सांध्यांवर चालतं.

आता येऊ भांडणाच्या मुद्द्यावर. दणदणीत आवाजाने एखादी रोमपेशी मेली तर तिथे भोक पडणार. भोक म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे शेजारच्या पेशीही धोक्यात. मग शरीर काय करतं? शेजारच्या आधारपेशी लगेच सरकतात, मरणाऱ्या पेशीच्या डोक्याखाली एकमेकींना भिडतात, तिला वेगळी काढतात आणि आपापसांत नवा सांधा तयार करतात. हे काम इतकं सफाईदार होतं की मधल्या काळात थेंबभरही गळती होऊ नये अशी व्यवस्था असते. कुठल्याही मिस्त्रीने हेवा करावा असं काम!

पण टाइल फुटली, तर तिथे सिमेंट थापलं गेलं. नवीन टाइल बसली नाही. पाणी अडलं, ऐकणं गेलं. कायमचं.

"कायमचं कसं? जखम भरते, नख वाढतं." बरोबर. इतर संवेदी अस्तरांकडे बघा ना. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा-पंधरा दिवसांत बदलतात, म्हणून चहाने पोळलेली जीभ पुढच्या आठवड्यात मिसळ खायला तयार. नाकातल्या वास घेणाऱ्या पेशीही जन्मभर नव्या होत राहतात. २०२० मध्ये कोविडमुळे कितीतरी जणांचा वास गेला. तिथे विषाणूने मुख्यतः हल्ला केला तो आधारपेशींवर, आणि अस्तर पुन्हा उभं राहिलं तसा बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. कानाला ही सोय नाही.

म्हणजे सस्तन प्राण्यांच्या कानाला नाही. कोंबडीला आहे! १९८८ मध्ये 'सायन्स' मासिकात आलेल्या शोधनिबंधांनी दाखवलं की आवाजाने मेलेल्या रोमपेशी पक्ष्यांमध्ये पुन्हा तयार होतात. तिथे आधारपेशी भोक बुजवून थांबत नाहीत, विभाजन पावून किंवा स्वतःच रूप बदलून नवी रोमपेशी देतात. मग आपल्यात का नाही? अंतर्कर्णाच्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा अभ्यास करताना एक गोष्ट दिसली: सस्तन प्राण्यांत जन्मानंतर आधारपेशींच्या सांध्यांभोवतीचा अॅक्टिनचा पट्टा भलताच जाड होत जातो, पक्ष्यांमध्ये तो पातळच राहतो. हे एकमेव कारण नाही, जनुकांची कुलपं वेगळीच आहेत. पण चित्र मला पटतं. इतक्या मजबूत आवळलेल्या पेशीला आकार बदलायला जागाच उरत नाही. जो सांधा आपल्याला वाचवतो, तोच बहुधा दुरुस्तीच्याही आड येतो.

यावर हमखास येणारं उत्तर: "येईल रे औषध, सायन्स कुठल्या कुठे गेलंय." आपण टेक्नॉलॉजीवाले असल्याने हा आशावाद आपल्या रक्तातच आहे. पण जरा तपशील बघू. आधारपेशींना जागं करून रोमपेशी बनवायचं एफएक्स-३२२ हे औषध फार गाजलं होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी अपयशी ठरली. दुसरीकडे शांघायच्या डॉक्टरांनी जन्मजात बहिऱ्या सहा मुलांवर जनुकोपचार केले आणि पाच जणांना ऐकू येऊ लागलं, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. डोळ्यांत पाणी यावं अशी बातमी. पण त्या मुलांच्या रोमपेशी जागेवर होत्या, फक्त ओटोफर्लिन हे एक प्रथिन नव्हतं. टाइल होती, नळाचं कनेक्शन नव्हतं. आपल्या फुटलेल्या टाइल्सना ते औषध चालणार नाही.

आणि ती 'सवय'? ती बहुतेक वेळा तात्पुरती बधिरता असते. कान दुसऱ्या दिवशी उघडतो आणि आपण निर्धास्त होतो. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत आल्यावरही काही भागात रोमपेशी आणि मज्जातंतू यांच्यातली निम्म्यापर्यंत कनेक्शन्स तुटलेली राहतात. टेस्ट केस पास, सिस्टीम आतून पोखरलेली. माणसांत हे प्रमाण किती यावर वाद चालू आहे, पण त्या वादाचा निकाल लागेपर्यंत स्वतःच्या कानावर प्रयोग कशाला?

हिशोब कठीण नाही. कामगारांसाठी अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, कारण ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. सवयीला या तक्त्यात कुठेही रकाना नाही.

आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. कागदावर. प्रत्यक्षात दरवर्षी चर्चा होते ती दहाला बंद की बाराला बंद याचीच. पण कान घड्याळ बघत नाही. दुपारी चार वाजता डीजेच्या भिंतीसमोर खाल्लेला डोस रात्री साडेअकराच्या डोसइतकाच लागू पडतो. आणि सगळ्यात जास्त डोस कुणाला? आपल्याला नाही. आपण खिडक्या लावून घेतो, फार तर लोणावळ्याला पळतो. ट्रॅक्टर चालवणारा, स्पीकर जोडणारी पोरं, बंदोबस्तावर दहा-दहा तास उभा असलेला हवालदार, यांना पळायची सोय नाही. ढोल-ताशा पथकातली बरीचशी मंडळी तर आपल्यातलीच असतात. मंडळाच्या बजेटमध्ये फेटे बसतात, टी-शर्ट बसतात, मग फोमचे इअरप्लग का बसू नयेत? एका जोडीला वडापावएवढेही पैसे पडत नाहीत. हेल्मेटसारखी सक्ती नको, निदान पथकाच्या गणवेशाचा भाग तरी करा.

हेडफोनचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे, मोठ्या माणसांना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. आपल्या कामाच्या आठवड्याइतकेच, बघा! म्हणजे कामभर गाणी ऐकायला कुणाची ना नाही, फक्त हापिसातला गोंगाट बुडवायला आवाज चढवू नका. बाहेरचा आवाज कापणारा हेडफोन यात खरंच उपयोगी आहे, कारण मग आवाज कमी ठेवता येतो. ओपन ऑफिस बांधून चौरस फुटांचे पैसे वाचवणाऱ्या कंपन्यांनी त्या बचतीतून तो टीमला द्यायला काय हरकत आहे?

असो. प्रॉडक्शनवर डिलीट कमांड मारताना आपला हात थरथरतो, कारण बॅकअप आहे की नाही याची खात्री नसते. इथे तर खात्री आहे: बॅकअप नाही. पुढच्या वेळी कुणी "सवय होते" म्हणालं तर त्याला बाथरूमच्या टाइल्सची गोष्ट सांगा. पटलं नाही तर भांडा, पण हळू आवाजात :-)