नौकेचा नंबर पुसला जाऊ नये

गाठीवरचा मार्का पुसला की चांगला मालही पडून राहतो, हे आम्ही कापडवाले जाणतो. मच्छीमार नौकेच्या नंबराचेही तसेच आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात नौका किनाऱ्यावर घेऊन रंगवतात. नवा रंग नंबरावर बसतो. फळी बदलली तर नंबर तिच्याबरोबरच जातो. २००८ साली अतिरेकी 'कुबेर' ही मच्छीमार नौका पळवून मुंबईवर आले. तेव्हापासून बिननंबरी नौकेकडे संशयानेच पाहिले जाते. म्हणून आमच्या मते नंबर आठवणीने नव्हे, तर नोंदणी दाखला समोर ठेवून ठळक काढावा. मत्स्यव्यवसाय खात्यानेही बंदीकाळातच बंदरावर येऊन तो तपासावा. डबाभर रंगापायी हंगामाची रोजी बुडू नये.