चातुर्मासात उभी राहिलेली गाडी

वर्षायोगाच्या काळात अनेक श्रावक-श्राविका देशव्रत घेतात. आपल्या गावाच्या सीमेबाहेर जावयाचे नाही, असा नियम आषाढात झाला की घरची मोटारही आपोआप त्या नियमात येते. पेढीवर जाण्यास दुचाकी पुरते. मोटार गोदामाच्या कडेला पत्र्याखाली उभी राहते, ती दिवाळी उलटून कार्तिकी अष्टाह्निकेत यात्रेचा बेत ठरला म्हणजेच बाहेर निघते. व्रत माणसाला मानवते. यंत्राला मात्र चार महिन्यांचे स्थैर्य मानवत नाही.

सांगलीतील हळदीच्या एका अडत्याच्या घरी हेच घडले. घरातील वृद्ध आजींना कुंथलगिरीचे दर्शन घडवावयाचे होते. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मोठ्या मुलाने गाडी मिरजेच्या रस्त्याला काढली. वेग साठाच्या पुढे जाताच स्टिअरिंग हातात थरथरू लागले. परत आल्यावर वडील म्हणाले, "टायर तापले की थांबेल." शेजाऱ्यांचा सल्ला पडला, "अलाइनमेंट करून घ्या." दोघांच्या बोलण्यात थोडे थोडे तथ्य होते, म्हणूनच घोटाळा होण्याचा संभव अधिक.

गाडीचा सारा भार टायरच्या तळहाताएवढ्या भागावर असतो. महिनोन् महिने तोच भाग जमिनीला टेकून राहिला की तो चपटा होतो. त्यातच टायरमधील हवा दरमहा साधारण एक पौंडाने आपोआप उतरते आणि चपटेपणा वाढतो. असे चाक फिरू लागले की प्रत्येक फेऱ्यात एक ठोका देते. चपटेपणा वरवरचा असेल, तर योग्य हवा भरून वीस-तीस किलोमीटर बेताने चालविल्यावर रबर तापून पूर्ववत होते. वडिलांचे म्हणणे येथवर खरे. अलाइनमेंटचे तसे नाही. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून झिजतो. थरथर हे त्याचे मुख्य लक्षण नव्हे. थरथर पुष्कळदा चाकाचा तोल गेल्याची असते. तराजूला पासंग असतो, तसाच चाकाच्या कडेलाही लहानसा वजनाचा तुकडा लावलेला असतो. तो गळून पडला, किंवा पावसाळ्यातील चिखल रिमच्या आतल्या बाजूस वाळून बसला, की ऐंशी ते शंभरच्या वेगाला स्टिअरिंग कापू लागते. असा चिखल पाण्याने धुतला तरी काम भागते, हे ठाऊक नसल्याने लोक उगाच खर्चात पडतात.

मुलाने गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने चाकाला हात लावण्यापूर्वी प्रश्नच अधिक विचारले. गाडी उभी असता, इंजिन चालू असता थरथर होते काय? होत असेल तर दोष चाकांत नाही, इंजिनाच्या माउंटिंगमध्ये शोधावा. ब्रेक दाबल्यावरच होते काय? मग डिस्क पाहावी. ओलाव्याने डिस्कवर गंज धरतो. वरचा पातळ थर चार-सहा वेळा ब्रेक लावल्यावर पुसला जातो. पण पॅड जेथे टेकून राहिले तेथे डाग उरला, तर पाय ठेवताच धक्के बसतात. हात थरथरतात की बैठक? हातांना जाणवले तर पुढची चाके, बैठकीला जाणवले तर बहुधा मागची.

येथे थरथर हातांनाच होती आणि ब्रेकशी तिचा संबंध नव्हता. मिस्त्रीने चारही चाकांत ठरलेली हवा भरली, रिम धुविले आणि मुलाला शेजारी बसवून पंचवीस किलोमीटर गाडी सावकाश फिरविली. थरथर बरीच कमी झाली. तेथेच समाधान मानणारे पुष्कळ. मिस्त्रीने मात्र वेग तिशीवर आणला. त्या वेगालाही स्टिअरिंग मंदपणे डावी-उजवीकडे झुलत होते आणि गाडी तापूनही ते झुलणे कमी होत नव्हते.

गाडी जॅकवर उचलून चाक हाताने फिरविले, तेव्हा पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूस लिंबाएवढा फुगा दिसला. बाहेरून तो दिसणे शक्यच नव्हते. खड्ड्याच्या आघाताने टायरमधील दोरे तुटले म्हणजे असा फुगा येतो, आणि महामार्गावरील वेगात व उष्णतेत तो केव्हाही फुटू शकतो. टायरवर 3017 हे अंक होते, म्हणजे 2017 सालच्या तिसाव्या आठवड्यातील घडण. गाडी फारशी न फिरल्याने नक्षी शाबूत होती, आणि नक्षी पाहूनच घरातील सर्वजण टायर नवे समजत होते. माल जुना की नवा हे रोज पारखणाऱ्या घरात ही चूक व्हावी, याचे वडिलांना विशेष वाटले.

"अण्णा, उद्या नको, परवा निघू," मुलाने घरी येऊन सांगितले. आजींनी हरकत घेतली नाही. अष्टाह्निकेचे दिवस अजून शिल्लक होते. पुढचे दोन्ही टायर बदलले, बॅलन्सिंग झाले, स्टेपनीतील हवाही पाहिली.

यापुढे गाडी उभी करताना काय करावयाचे, हेही त्या घरात ठरले. धुऊन, कोरड्या फरशीवर, हवा दोन-तीन पौंड अधिक भरून ठेवावयाची. हँडब्रेक ओढून ठेवावयाचा नाही, कारण पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकांना लाकडी उटी लावावयाची. पंधरा दिवसांनी गाडी आवारातच हातभर पुढे-मागे सरकवावयाची, म्हणजे टायर नव्या जागेवर टेकतो आणि देशव्रतालाही बाध येत नाही.

आजींनी त्यात एक भर घातली. गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावयाचे. त्या सकाळी मिस्त्रीने ते उघडले, तेव्हा बॅटरीशेजारी चिंध्यांच्या उबेत मांजरीची दोन पिले होती. आदल्या फेरीत ती कशी वाचली कोण जाणे. आता ती गोदामातील रिकाम्या पोत्यांवर आहेत.