परदेशवारी आणि पदराची गाठ

मंडळी, मुलगा झुरिकला नोकरीस आणि आईबाप शेतावर, अशी घरे आता खेड्यातही सापडतात. मुलगा बोलावतो, पण स्वित्झर्लंड पडला महागाचा देश. परवा एका शेतकरी जोडप्याने विचारले, "साहेब, उसाचे सगळे बिल तिथेच जाईल का हो?" त्यांना सांगितले तेच येथे सांगतो.

पहिले, हॉटेलात जेवू नका. मिग्रो, कोओप अशा दुकानांतून तांदूळ, भाजी आणून मुलाच्या घरीच रांधा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा बाजार शनिवारीच उरका. पाणी विकत घेऊ नका. तेथे नळाचे पाणी पिण्याजोगे असते.

दुसरे, प्रवास. 'हाफ फेअर कार्ड' घेतले की बहुतेक रेल्वे, बस व बोटींचे भाडे निम्मे पडते. मात्र खताचा खर्च मांडतो तसा आधी कागदावर हिशेब मांडा. दोनच फेऱ्या करायच्या असतील तर कार्डाचे पैसे अंगावर पडतील.

तिसरे, घरचे तूप, पेढे बांधून नेऊ नका. जनावरांचे रोग शिरू नयेत म्हणून भारतातून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास तेथे बंदी आहे. जप्त झाले तर माल गेला आणि मनही खट्टू. त्यापेक्षा गोडा मसाला न्या.

डोंगर आणि तळी काठावरून पाहायला पैसे पडत नाहीत. लेकराचे बिऱ्हाड पाहणे ही चैन नव्हे; हिशेबाने जा, समाधानाने या.