पासवर्डाच्या वकिलांना उत्तर

गिट या साधनाने जपलेला कोड दूरच्या सर्व्हरवरील रिपॉझिटरीत, म्हणजे कोडाच्या सामायिक भांडारात, टर्मिनलवरून पाठवताना पाठवणारा कोण हे त्या सर्व्हरला पटवून द्यावे लागते. गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले, बिटबकेटने 1 मार्च 2022 पासून तोच मार्ग धरला, आणि तेव्हापासून तेथे टोकन (म्हणजे पासवर्डाऐवजी वापरायचे वेगळे गुपित) किंवा एसएसएच किल्ली यांवाचून ‘गिट पुश’ ही आज्ञा पार पडत नाही. इतका काळ लोटला तरी एक पक्ष अद्याप पासवर्डाचे सुतक पाळतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, पासवर्ड सोपा होता. किल्ल्या-टोकनांचा हा पसारा पुण्या-बंगळुरूच्या पगारदार अभियंत्यांच्या सोयीचा आहे. गोंदिया जिल्ह्यात, जिथे विद्यार्थी प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर शिकतो आणि देवरी-सालेकशाच्या जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तिथे तो अन्याय आहे. सबब पासवर्ड परत आणावा, आणि तोवर एकच टोकन साऱ्या वर्गाला वाटून काम भागवावे. गरिबाच्या नावाने केलेला युक्तिवाद ऐकायला गोड लागतो; तो गरिबाच्या हिताचा असतोच असे नाही.

किरकोळ आक्षेप आधी निकालात काढणे बरे. टोकन लांबलचक असते हे खरे, पण ते पाठ करायचे नसून चिकटवायचे असते. महाविद्यालयाच्या नेटवर्कवर एसएसएचचे 22 क्रमांकाचे पोर्ट बंद असेल, तर गिटहब तीच सेवा 443 क्रमांकाच्या पोर्टवरही देते. मार्च 2023 मध्ये खुद्द गिटहबची आरएसए किल्ली उघडी पडली याचे भांडवल केले जाते. ती सर्व्हरची ओळख सांगणारी किल्ली होती, वापरकर्त्यांची नव्हे, आणि ती लगेच बदलली गेली. रेंजचा मुद्दा तर मुळातच गैरसमजावर उभा आहे, कारण खात्यात शिरताना पासवर्डाखेरीज मागितला जाणारा ऑथेंटिकेटर ॲपमधील सहा अंकी कोड एसएमएसने येत नाही. नोंदणीच्या वेळी फोनमध्ये साठवलेले गुपित आणि घड्याळातील वेळ यांवरून फोन तो साधारणतः दर 30 सेकंदांनी स्वतःच काढतो. आणि ज्या ठिकाणी इंटरनेटच नाही, तिथून पासवर्ड तरी कोणत्या वाटेने सर्व्हरपर्यंत पोहोचणार होता, हे पूर्वपक्षाने अद्याप सांगितलेले नाही.

खरा वाद आहे तो सामायिक संगणकाचा, आणि पूर्वपक्ष ज्याला आपला हुकमी एक्का समजतो तोच त्याच्यावर उलटतो. समजा, प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच लॉगिन आहे आणि दर वेळी ओळख विचारली जाऊ नये म्हणून कोणीतरी गिटची ‘स्टोअर’ ही सोय चालू करून ठेवली आहे. ही सोय वापरकर्त्याचे नाव आणि त्याचे गुपित होम फोल्डरमधील एका लपवलेल्या फाइलीत साध्या मजकुरात, एका ओळीत लिहून ठेवते. नाव, मग विसर्गासारखे चिन्ह, मग गुपित. दुपारच्या तुकडीतील कोणत्याही विद्यार्थ्याने ती फाइल उघडली की सकाळच्या तुकडीची ओळख त्याच्यासमोर उघडी असते. ते गुपित खात्याचा पासवर्ड असेल, तर त्या एका ओळीत सगळे खातेच जाते, आणि बहुतेकांना एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरण्याची खोड असल्यामुळे पाठोपाठ ई-मेल आणि शिष्यवृत्तीचे खातेही धोक्यात येते. ते मर्यादित अधिकारांचे टोकन असेल, तर हानी एका रिपॉझिटरीपुरती राहते, ठरलेल्या मुदतीला आपोआप संपते आणि पासवर्ड न बदलता ते टोकन तेवढे रद्द करता येते. ज्याचा स्वतःचा संगणक आहे त्याला टोकनामुळे जितके संरक्षण मिळते, त्याहून अधिक ज्याचा संगणक नाही त्याला मिळते. वर्गाला एकच टोकन वाटण्याचा तोडगा तर आणखी थोर आहे. गिटमध्ये कमिटवर कोणते नाव उमटावे हे ज्याचे त्याने लिहायचे असते, ते वाटेल ते लिहिता येते. पुश नक्की कोणी केले याचा आधार सर्व्हरने पटवलेली ओळख एवढाच. सगळ्यांची ओळख एक केली की कोणीही सगळ्यांचे काम पुसून टाकावे आणि पुसणारा कोणालाही सापडू नये, अशी समता साध्य होते.

एसएसएच किल्ली ग्रामीण माणसाच्या आकलनापलीकडची आहे, हा दावा गोंदियात बसून करणे विशेष धाडसाचे आहे. या पद्धतीत किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरला दिली जाते, खाजगी किल्ली स्वतःच्या संगणकावरच राहते, आणि जोडणीच्या वेळी खाजगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने पडताळली जाते. आधारभूत केंद्रावर धान विकण्यासाठी शेतकऱ्याला सातबारा लागतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात 2018 पासून मिळतो. त्यावरील तलाठ्याची सही याच तत्त्वावर तपासली जाते. तपासणाऱ्याला तलाठ्याची खाजगी किल्ली कधीच द्यावी लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याने अशा सहीला मान्यताही दिली आहे. धानाच्या शेतकऱ्याच्या व्यवहारात जे रुळले, ते त्याच्याच मुलाला संगणक अभियांत्रिकी शिकताना झेपणार नाही, हे मानायला विशेष प्रकारची दया लागते.

हा सूर नवा नाही. मराठीत युनिकोड आला तेव्हाही, जुन्या फॉण्टांना हात सरावलेला आहे, बदल कशाला, असे म्हणणारे होतेच. त्यांच्या हट्टातून जन्मलेल्या फाइली आज तो फॉण्ट नसेल तर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बसतात. सवयीला सोय म्हणण्याची किंमत पुढच्या पिढीने भरायची, असा हा जुनाच रिवाज आहे.

मंडनाला फार शब्द लागत नाहीत. स्वतःचा संगणक असेल तर ‘एड25519’ प्रकारची किल्ली तयार करावी, तिला सांकेतिक वाक्य द्यावे आणि पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा अधिकृत ठशाशी ताडून मगच ‘येस’ लिहावे. सामायिक संगणकावर किल्ली ठेवूच नये. एका रिपॉझिटरीपुरते, थोड्या मुदतीचे टोकन वापरावे आणि ‘स्टोअर’ऐवजी ‘कॅश’ निवडावे, म्हणजे गुपित स्मृतीतच राहते आणि वेगळी मुदत दिली नसल्यास 15 मिनिटांनी विसरले जाते. खाते परत मिळवण्याचे कोड कागदावर उतरवून घरी ठेवावेत. हे सारे एका प्रात्यक्षिकाच्या तासात शिकवून होते. ज्यांना गोंदियाच्या विद्यार्थ्यांची खरोखर काळजी आहे, त्यांनी पासवर्डासाठी अर्ज-विनंत्या करण्याऐवजी तो एक तास घ्यावा.