प्रादाला शिव्या, कारागिराशी घासाघीस

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरी दिसली आणि महाराष्ट्राचे पित्त खवळले. नाव नाही, श्रेय नाही, कोल्हापूरचा उल्लेखसुद्धा नाही. संताप रास्तच होता आणि तो मलाही आला. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचले. एवढे सगळे झाले. आता मला एकच विचारायचे आहे. त्या दिवसांत मोबाइलवर बाह्या सरसावणाऱ्यांपैकी किती जणांच्या दारात अस्सल कोल्हापुरी आहे?

अस्सल म्हणजे कोणती, हेही आज सांगावे लागते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून आठवडेच्या आठवडे कातडे कमावायचे, ठोकून तळ करायचा, त्यावर कान आणि पट्टा बसवायचा, वेणी गुंफायची आणि हे सगळे चामड्याच्या वादीने शिवायचे. खिळा नाही. वेणीचे बारीक काम बहुतेक घरांत बाईच्या हातचे असते आणि दुकानाच्या पाटीवर तिचे नाव कधीच नसते. नवी चप्पल थोडी चावते. तेल लावून चार दिवस घातली की पायाचा आकार घेते, झिजली की तळ बदलून मिळतो.

आणि आपण घेतो काय? रेक्झिनचा पट्टा, फोमचा तळ, सोल्यूशनने चिकटवलेला जोड. ढोल-ताशा पथकात तोच, मराठी भाषा दिनाला ऑफिसात तोच, लग्नातल्या मराठमोळ्या पेहरावात तोच. पावसाळ्याच्या आधीच तो उसवतो, कचऱ्यात जातो, आणि आपण ‘हल्ली कोल्हापुरीत काही राम राहिला नाही’ म्हणून मोकळे होतो. नकली माल विकणाऱ्याचा धंदा आपल्या जिवावर चालतो. प्रादाने नक्कल केली ती एका हंगामाची. आपण वर्षानुवर्षे नकलेला गिऱ्हाईक पुरवत आलो आहोत.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत एका दुकानात मी बसलो होतो. पुण्याकडचे एक गृहस्थ आले, हात लावून बघितले, जोड आवडला. किंमत बावीसशे. ‘ऑनलाइन सातशेला आहे, काका.’ म्हाताऱ्याने काही न बोलता चप्पल उलटी केली आणि तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ‘टाका बगा सायेब. खिळा हाय का कुठं? समदं वादीनं शिवलंय.’ त्यांनी टाका बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, ‘काम छानच आहे हो, पण पंधराशे करा.’ सोळाशेला सौदा पटला. दाराशी या गृहस्थांचे परदेशी कंपनीचे बूट काढून ठेवलेले होते. त्या बुटांच्या दुकानात त्यांनी ‘फायनल किती’ विचारले असेल, असे मला वाटत नाही. छापील किंमत दिसली की आपली जीभ टाळ्याला चिकटते आणि समोर हाताने काम करणारा माणूस दिसला की लगेच सुटते. याला काटकसर म्हणत नाहीत. ही दुबळ्यावरची दादागिरी आहे.

सार्वजनिक काकांची आठवण इथे काढावीच लागेल. गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात हातकताईची खादी घालून गेले. सगळे रेशमात असताना हा माणूस जाडाभरडा कपडा घालून उभा राहिला. तेवढ्यावर थांबला नाही, देशी मालाची दुकाने निघावीत म्हणून खपला. आधी स्वतःच्या अंगावर, मग बाजारात. आपण फक्त पोस्ट टाकतो.

यात जातही आहे, आणि ती वगळून कोल्हापुरीवर लिहिणे हा खोटेपणा आहे. कातडे कमावणारा ढोर समाज आणि ते शिवणारा चर्मकार यांना गावाने पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवले. मोट त्यांची चालली, पायताण त्यांचे चालले, त्यांच्या हातचे पाणी चालले नाही. आज त्याच कामाला ‘वारसा’ म्हणायचे आणि कारागिराचा मुलगा एमआयडीसीत लागला की ‘कला लोप पावतेय’ म्हणून गळा काढायचा, हे निर्लज्जपणाचे आहे. वारसा जपण्याची जबाबदारी त्याच्या डोक्यावर कोणी टाकली? त्याने धंदा सोडावा की करावा, हे त्याचे त्याने ठरवावे. उपासमार होते म्हणून त्याला तो सोडावा लागू नये, एवढे मात्र आपल्या खिशाच्या हातात आहे.

‘एकट्याने घेऊन काय होणार?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकवला जातो. कारागिराच्या घरी हिशोबच जोडांत होतो. चार जोड पुऱ्या भावाने गेले तर पुढचे कातडे तो रोखीने उचलतो. नाही गेले तर व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतो आणि मग तयार माल त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने घालतो. त्यात २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून कातड्याची ओढाताण आहे. तुम्ही घासून वाचवलेले सहाशे रुपये त्या उधारीत जाऊन बसतात.

ज्यांना परवडत नाही त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांनी सातशेचा जोड खुशाल घ्यावा. मी बोलतोय ते लग्नात एका दिवसाच्या शेरवानीला हजारो रुपये भाडे मोजणाऱ्यांशी, कंपनीच्या दिवाळी भेटीत पाहुण्यांना प्लास्टिकच्या वस्तू वाटणाऱ्यांशी, परदेशातून सुट्टीला आल्यावर ‘ऑथेंटिक’ म्हणत दुकाने पालथी घालणाऱ्यांशी. दुकानात बसा आणि विचारा: कातडे कशाचे, शिवण वादीची की नायलॉनची, कोणत्या गावात कोणाच्या घरी शिवली? नीट उत्तर मिळाले तर सांगितलेली किंमत मोजा आणि तळ झिजल्यावर तिथेच परत या. उडवाउडवी झाली तर उठा आणि पुढच्या दुकानात जा.