सीटीच्या अहवालात चार ओळी वाढवा

सुरतेत उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या खानदेशी माणसाचा खोकला हटेना, की पहिला संशय टीबीचा. संशय गैर नाही. पण थुंकीत जंतू सापडत नसतानाही टीबीची औषधे चालूच राहतात आणि तोवर खोकल्यामागचा फुप्फुसाचा कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे जातो, हे आपल्याकडचे जुनेच दुखणे. म्हणून जो वेळेत टेबलापर्यंत पोचतो, त्याच्या बाबतीत तरी कसूर नको.

पुस्तकात उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. माणसे मात्र पुस्तक वाचून जन्माला येत नाहीत. कुणाच्या उजव्या वरच्या भागाची नळी थेट मुख्य श्वासनलिकेतूनच फुटते. भूल देताना घातलेली नळी तिचे तोंड बुजवू शकते. डाव्या फुप्फुसाच्या दोन शिरा काहींच्यात हृदयात शिरण्याआधीच एक होतात. वरचा भाग काढताना हा जोड वरचीच शीर समजून बांधला गेला, तर खालच्या निरोगी भागातल्या रक्ताला परतीची वाटच उरत नाही. तो भाग तुंबतो आणि गाठ नसलेले ते फुप्फुसही काढावे लागते. कुणाची एखादी शीर हृदयाच्या डाव्या बाजूऐवजी उजवीकडे जोडलेली असते. जन्मभर त्रास नाही. पण ती शीर मागे ठेवून दुसरा भाग काढला, की हृदयाच्या उजव्या बाजूवरचा भार वाढतो.

शिरेतून औषध टोचून काढलेल्या सीटीत हे बहुतेक सगळे दिसते. पण चिठ्ठीवर ‘गाठ?’ एवढेच लिहिले, तर अहवालही गाठीचे सेंटिमीटर मोजून मोकळा होणार! त्याच चित्रांवरून संगणकावर शिरा-नळ्यांचा त्रिमितीय नकाशा करता येतो, रुग्णाला पुन्हा यंत्रात घालावे लागत नाही. न्यू सिव्हिल, स्मीमेर आणि शहरातल्या खासगी रुग्णालयांनी फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या अहवालात शिरा, धमन्या, श्वासनळ्या आणि फुप्फुसाच्या भेगा यांसाठी एकेक ओळ सक्तीची करावी. सर्जनने ती वाचल्याशिवाय तारीख देऊ नये.

आणि नातेवाइकांनो, छातीवरची सावली जन्मजात की नवी, हे ठरवायला जुन्या एक्सरेइतका स्वस्त साक्षीदार नाही. नंदुरबार-अमळनेरच्या घरी ट्रंकेत जुन्या प्लेटा असतील, तर ताप्ती लाईनच्या गाडीने येताना घेऊन या. रद्दीत घालू नका.